रुकय्याबाईंचा उंच ओटा

रुकय्याबाई आमच्या दुकानात औषध घ्यायला कमी आणि वाद घालायला जास्त यायच्या. महाडच्या बाजारपेठेत आमचं औषधाचं दुकान. आत आमचे हे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचत बसायचे, गल्ल्यावर मी. बाई पायरी चढता चढताच सुरू व्हायच्या, "वसू, परवाची गोळी इतकी कडू कशी गो?" मी म्हणायचे, "गोळी कडूच असते बाई. पेढा हवा तर समोर जा." मग त्या स्टूल ओढून बसायच्या, छत्री मांडीवर आडवी ठेवायच्या आणि खरं काम काढायच्या. ते काम बहुतेक कुणाच्या तरी संसाराचं असायचं.

बाई बुटक्या. इतक्या, की काउंटरपलीकडून मला आधी त्यांच्या डोक्यावरचा पदर दिसायचा, मग चष्मा, आणि बाकीच्या बाई नंतर. सुती साडी, तीही कडक इस्त्रीची, आणि बारा महिने हातात छत्री. सगळी नोकरी उर्दू शाळेत झालेली, त्यामुळे समोर सरपंच असो नाहीतर ट्रकमालक, याला पाढे येत नसणार असं धरूनच त्या बोलायच्या. आणि गंमत म्हणजे, समोरचाही मान खाली घालून उभा राहायचा.

त्यांचं आणि आमचं घर पाठीला पाठ लावून. मधे एक भिंत आणि एक विहीर. नवरा, दाऊदभाई, मस्कतला एका हॉटेलात आचारी. एक वर्ष सोडून सुट्टीवर यायचे, सगळ्या आळीला साबण आणि अत्तराच्या बाटल्या वाटायचे आणि पुन्हा जायचे. एकच मुलगी, तीही लग्न होऊन बहरीनला गेलेली. घर दाऊदभाईंनी तिकडच्या कमाईतून बांधलं. खोल्या किती, खिडक्या कुठे, ओटा किती उंच, सगळं त्यांनी मस्कतहून कळवलं आणि गवंड्यानं तसंच्या तसं बांधलं. स्वयंपाकघरात काळ्या दगडाचा लांबलचक ओटा होता, आणि त्याच्यापुढे जमिनीवर एक जाड लाकडी पाट. बाई त्या पाटावर उभ्या राहून तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या. मला वाटायचं, गार फरशीनं पाय दुखतात म्हणून असेल.

आता त्या कामाबद्दल सांगते. कुराणात म्हणे असं सांगितलंय, की नवरा-बायकोत फाटेल अशी भीती वाटली तर एक जाणता माणूस त्याच्या घरातला बोलवा आणि एक तिच्या घरातला. जुळवायची इच्छा असेल तर अल्ला मेळ घालून देतो. अशा माणसाला हकम म्हणतात. ऐकायला किती सुंदर आहे! पण प्रत्यक्षात काय व्हायचं, मुलाकडचा काका मुलाची बाजू घेऊन ओरडायचा, मुलीकडचा मामा मुलीची बाजू घेऊन, आणि चहा गार व्हायच्या आत दोन खानदानं एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोचायची. बाई म्हणायच्या, "हे हकम नाहीत गो, वकील आहेत. काळा कोट तेवढा घालायचा राहिलाय."

म्हणून बाईंनी आपली एक रीत बसवली. मुलाकडच्या माणसानं आधी मुलीपाशी जाऊन बसायचं आणि तिचं सगळं ऐकायचं. मुलीकडच्यानं मुलाचं. मग सगळे बाईंच्या पडवीत जमायचे, आणि मुलाकडच्या हकमानं मुलीचं गाऱ्हाणं मांडायचं, मुलीकडच्यानं मुलाचं. तेही "ती म्हणते, तो म्हणतो" असं नाही. "मी" म्हणून बोलायचं. मधे कुणी तोंड उघडलं तर बाई छत्री फरशीवर आपटायच्या. जमातीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "बाई, हे उलटंपालटं कुठं लिहिलंय?" बाई म्हणाल्या, "लिहिलेलं नाही. मनाई कुठे लिहिली आहे ते तुम्ही दाखवा, उद्यापासून बंद करते."

मी पहिल्यांदा बैठक पाहिली ती अशीच, बाईंची रक्तदाबाची गोळी पोचवायला गेले आणि अडकले. नजमा नावाची पोर, नवरा इक्बाल दुबईला. इक्बालच्या कानात कुणीतरी भरलं होतं, की तुझी बायको रोज एसटीडी बूथवर जाते आणि फोनवर खिदळते. गडी सुट्टी काढून आला आणि तिचं घराबाहेर पडणं बंद केलं. त्याच्या बाजूनं हकम होता त्याचा मामू. हा मामू म्हणजे कशेडीच्या घाटात ट्रक घालणारा, मिशा अशा की पोरं बघून रडावीत. तो घसा खाकरून उभा राहिला आणि म्हणाला, "मी नजमा."

पडवीत हशा पिकला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. छत्री आपटली.

"मी नजमा," मामू पुन्हा म्हणाला. "माझ्या नवऱ्याचा फोन शेजारच्या घरी येतो. तवा फोनपाशी सासू बसते, नणंद बसते, शेजारीण बसते. मी निसतं 'होय' आनि 'बरं' म्हनते. त्याला वाटतं हिला बोलायचं नाय. हसायचं आसलं तर मी बूथवर जाते आनि बहिनीला फोन लावते. तिच्याबरुबर हसते. नवऱ्याबरुबर मला कुनी हसू देत नाय." एवढं बोलून मामू खाली बसला आणि मिशी चोळत राहिला. इक्बाल आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

बाईंनी उपदेश असा केलाच नाही. एवढंच म्हणाल्या, "संशयापासून लांब राहा, एकमेकांच्या पाळतीवर राहू नका, असं आपल्याला सांगितलंय. आपण समजतो ते शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. बायकोवर पाळत ठेवली तर चालते, असं कुठे सांगितलंय ते मला शोधून दे इक्बाल, तुझी सुट्टी अजून बाकी आहे." त्यानंतर इक्बालचा फोन दर जुम्म्याला बाईंच्या घरी यायला लागला. नजमा आत, दार लावलेलं, आणि बाई बाहेर पडवीत उन्हात छत्री उघडून बसलेल्या. आतलं हसणं आमच्या विहिरीपर्यंत यायचं.

पण सगळं जुळवायचंच, असा त्यांचा हट्ट नव्हता हं. पोलादपूरकडची एक मुलगी आली होती, तिच्या कोपरापासून खाली भाजलेलं. नवऱ्याचा चुलता मागोमाग आला, म्हणाला, हिला जरा सबर करायला सांगा, बैठक घ्या. बाई दारात उभ्या राहिल्या. चुलत्याच्या छातीला त्यांचं डोकं लागत होतं. "बैठक रुसव्याफुगव्याची घेतात. हिचा हात बघा आधी. भलेपणानं ठेवा नाहीतर भलेपणानं सोडा, दोनच रस्ते दिलेत. लटकवून ठेवायचा तिसरा रस्ता तुम्ही लोकांनी काढलाय." तो गेला. मुलीला घेऊन बाई आमच्या दुकानात मलमासाठी आल्या. मुलगी एकच म्हणत होती, मी घरची गोष्ट बाहेर बोलले, मला पाप लागेल. बाईंनी तिचा हात धरला. "ऐक. एका बाईनं नवऱ्याची तक्रार थेट पैगंबरांकडे नेली होती. वाद घातला त्यांच्याशी. आणि तिची तक्रार वर ऐकली गेली. कुराणातल्या एका सूरेचं नावच त्या वाद घालणाऱ्या बाईवरून आहे. तक्रार करणं पाप असतं तर असं झालं असतं का?" पुढे त्या मुलीची रीतसर सुटका करूनच बाई थांबल्या.

ती मुलगी गेल्यावर मी सहज विचारलं, "बाई, तुम्ही केलीत का कधी दाऊदभाईंकडे तक्रार?"

"मला कसली तक्रार? माझा माणूस मस्कतला. भांडायला आधी हाताशी तर हवा!" आणि हसत हसत छत्री उचलून निघून गेल्या.

मग माणूस हाताशी आला. दाऊदभाई कायमचे परतले, आळीत खजूर वाटले गेले, बाईंनी नवीन साडी नेसली. पहिला महिनाभर त्यांच्या स्वयंपाकघरातून असे वास यायचे, की आमचे हे वरणभाताकडे बघून उसासे टाकायचे. दाऊदभाईंच्या हाताला चव होती, आणि ओटा तर त्यांच्याच उंचीचा. पण घर म्हणजे हॉटेल नव्हे ना! त्यांनी डबे हलवले. मसाल्याची जागा बदलली. पडवीत कुणाची बैठक बसली, की हे आतून बघायचे, आपल्याच घरात पाहुण्यासारखे. बाई बाहेर निघाल्या की विचारायचे, कुठे, कशाला, कधी येणार. बाईंना आयुष्यात कुणी असं विचारलेलं नव्हतं. भिंतीपलीकडची भांडी जरा जोरात आदळायला लागली.

एक दिवस दाऊदभाई गरम तेलाची कढई घेऊन वळले आणि पाटाला अडखळले. थोडक्यात वाचले. त्यांनी रागानं तो पाट उचलला आणि न्हाणीघरात नेऊन बंबात घातला. बाई शाळेच्या कुठल्याशा समारंभाहून परत आल्या. त्यानंतर भिंतीतून जो आवाज आला, तो माझ्या बाईंचा आहे हे मला आधी पटेचना. शेवटी "निघा माझ्या घरातून" आणि "हे घर बांधलं कुणी?" इतकं स्पष्ट ऐकू आलं. दाऊदभाई पिशवी घेऊन पोलादपूरला भावाकडे निघून गेले.

एका पाटासाठी! सगळी आळी तेच म्हणत होती. आणि त्याच्या पुढचं हळू आवाजात म्हणत होती, दुसऱ्यांचे संसार शिवणाऱ्या बाईंचा स्वतःचा उसवला, आता यांच्या पडवीत कोण येणार? आलं नाहीच कुणी. बाई दुकानात यायच्या, गोळ्या घ्यायच्या आणि जायच्या. एकदा मी मुद्दाम महागातली पट्टी दिली, निदान भांडतील म्हणून. त्यांनी मुकाट्यानं पैसे ठेवले. मला रडू आलं हो.

पावसाळा सरता सरता दाऊदभाईंचा भाऊ इस्माईलभाई निरोप घेऊन आला. दाऊद म्हणतो, हकम बसवूया. तिच्याच रीतीनं. त्याच्या बाजूनं स्वतः इस्माईलभाई.

बाई दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. "माझ्याकडून तू."

"मी?" मी उडालेच. "बाई, मला तुमच्यातलं काय कळतं? घरातलं माणूस हवं ना? लोक काय म्हणतील?"

"भाऊ गेला. भाचे मुंबईला, ते सणाला फोन करत नाहीत. घरात पाणी शिरलं तेव्हा मला माळ्यावर कुणी ओढलं? मनगट मोडलं तेव्हा महिनाभर वेणी कुणी घातली?" त्यांनी चष्मा पुसला. "जमातीनं विचारलं मला, ती तुमच्या घरातली कशी? मी म्हटलं, माझ्या घरातलं कोण ते मी सांगेन. जाशील ना गो?"

मी एसटीनं पोलादपूरला गेले. दाऊदभाई भावाच्या पडवीत लसूण सोलत बसले होते. "या वहिनी," म्हणाले, आणि बराच वेळ लसूणच सोलत राहिले. मग बोलायला लागले ते माझी परतीची गाडी चुकेपर्यंत.

बैठकीला पडवी भरली होती. बाई आज नेहमीच्या जागेवर नव्हत्या, समोर खाली चटईवर होत्या. आधी इस्माईलभाई उभा राहिला. उंचापुरा गडी, हात जोडून म्हणाला, "मी रुकय्या."

या वेळी कुणी हसलं नाही.

"मी रुकय्या. माझा मानूस परत आला, मला लय बरं वाटलं. पन त्यानं माझा पाट जाळला. ह्या घराचा ओटा त्यानं मस्कतच्या हाटेलाच्या मापानं करून घेतला. माझा हात पोचत नाय. घर बांधलं तवापासनं मी पाटावर चढून रांधते. दोनदा पडले. वाटायचं, त्यानं एवढ्या हौसेनं बांधलंय, कशाला बोलू? त्यो सुट्टीला यायचा तवा पाट खाटेखाली सारायची, त्याला दिसू नये म्हनून. आता तो कायमचा आला. कुठवर लपवू? म्हनून पाट तसाच ठेवला. वाटलं, आता तरी इचारील, हा कशाला? त्यानं इचारलं नाय. जाळला."

दाऊदभाई अर्धवट उठले. "मला काय माहीत..." आणि सवयीनं सगळ्यांनी छत्रीकडे पाहिलं. बाईंनी ती आपटली नाही. तेच खाली बसले.

मग मी. आयुष्यात चार माणसांपुढे कधी बोलले नव्हते, आणि तेही असं.

"मी दाऊद," मी म्हटलं. "मी अर्धं आयुष्य मस्कतला चुलीपुढे काढलं. घरी फोन केला की बायको म्हणायची, सगळं खैरियत आहे. घरात पुराचं पाणी शिरलं, तेव्हाही खैरियत. मनगट मोडलं, तेव्हाही खैरियत. मला ते परत आल्यावर शेजाऱ्यांकडून कळलं. अख्ख्या तालुक्यातल्या बायका हिच्यापाशी आपलं दुखणं घेऊन येतात. ही प्रत्येकीला सांगते, तक्रार करणं पाप नाही. मग मलाच कशी एकही तक्रार सांगितली नाहीस? तक्रार आपल्या माणसाला सांगतात. मी कोण होतो? मनिऑर्डर करणारा?" माझा आवाज फुटायला लागला होता, पण थांबायची सोय नव्हती. "मी पाट जाळला तेव्हा ती माझ्यावर पहिल्यांदा ओरडली. मला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. म्हटलं, चला, आज मी घरी आलो. आणि तेवढ्यात ती म्हणाली, निघा."

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्म्याशिवाय त्या कुणीतरी वेगळ्याच दिसत होत्या, वर्गात उत्तर न आलेल्या मुलीसारख्या.

"परक्या मुलखात माणूस एकटा," त्या हळू म्हणाल्या. "त्याच्या डोक्याला आणखी ताप कशाला, असं वाटायचं. नवरा-बायको एकमेकांचा लिबास असतात, एकमेकांचं वस्त्र. मी प्रत्येक निकाहात हे सांगते. वस्त्रानं झाकायचं असतं. मी झाकत राहिले."

"वस्त्र अंगावर घालतात रुकय्या," दाऊदभाई म्हणाले. "तू मला कपाटात घडी घालून ठेवलंस."

बाई रडल्या. मी त्यांना पुरात रडताना पाहिलं नव्हतं, भावाच्या मयतीलाही नाही. त्या दिवशी मात्र पदर तोंडात धरून लहान पोरीसारख्या रडल्या. बैठकीच्या शेवटी एक प्रश्न नेहमी बाई विचारायच्या. तो आज विचारायला कुणी नव्हतं, म्हणून मीच विचारला, "जुळवायचं आहे का?"

"मी पिशवी घेऊनच आलोय," दाऊदभाई म्हणाले.

बाईंनी चष्मा लावला, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "आत येण्याआधी गवंडी आणा."

तो ओटा अर्धा फोडला. अर्धा दाऊदभाईंच्या उंचीचा ठेवला, अर्धा बाईंच्या. महाडात तसला ओटा दुसरा नसेल. बायका बघायला यायच्या, आणि बघायला आलेल्या बसून बोलायला लागायच्या. पडवी पुन्हा भरली. फक्त बैठक चालू असताना आतून चहा घेऊन दाऊदभाई यायचे आणि बाई त्यांना सरकून जागा करून द्यायच्या.

पुढे महाडात पुन्हा मोठा पूर आला, त्यानंतर मुलीनं दोघांना बहरीनला बोलावून घेतलं. "आता परत येणं आमच्या हातात नाही," बाई म्हणाल्या होत्या, आणि तसंच झालं. निघायच्या दिवशी सकाळी मी मागच्या दारानं त्यांच्या प्रवासाच्या गोळ्या घेऊन गेले. दोघं ओट्यापाशी पाठमोरे उभे होते, त्यांचं डोकं वर, यांचं खूप खाली. ते वाटेतल्या शिदोरीसाठी मासे तळत होते आणि बाई जमिनीवर दोन्ही पाय टेकून भाकऱ्या थापत होत्या. तोंड चालू होतंच.

"त्या मेल्या गवंड्यानं इतका खाली केलाय ओटा की वाकून वाकून माझी कंबर गेली. सांगितलं होतं तुम्हाला, जरा वर ठेवा म्हणावं. माझं ऐकायचंच नाही. आणि तेल किती घेतलंय ते! आणि काल घोरत होतात की ट्रक चढवत होतात घाटात?"

दाऊदभाईंनी झारा हातात धरूनच मागे वळून पाहिलं. शाळेत बक्षीस मिळालेल्या पोराचा असतो तसला चेहरा झाला होता त्यांचा.

"बघा वहिनी," ते म्हणाले. "पहाटे फजरची नमाज झाल्यापासून चाललंय हे."

गोळ्या खिडकीत ठेवून मी दारातच उभी राहिले. बाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पिठाचा हात झटकला आणि त्यांची पुढची तक्रार सुरू झाली.